आवाज चढवण्याआधी त्यांचं वाचन ऐका

प्रश्न : ताई, मी गोवंडीतल्या महापालिकेच्या मराठी शाळेत शिकवते. माझं गाव लातूर जिल्ह्यात, नोकरीचं हे पहिलंच वर्ष. जूनपासून सहावीचा वर्ग माझ्याकडे आहे. पटावर ४३ मुलं, दुपारचं सत्र. त्यातली पाच मुलं अशी की ती आली की शिकवणंच होत नाही. फळ्याकडे वळले की शिट्ट्या, खडूचे तुकडे, मारामाऱ्या. मागच्या आठवड्यात एकाला धडा वाचायला उभं केलं तर त्यानं पुस्तक भिरकावलं आणि सगळ्यांसमोर मला शिवी दिली. मी त्याला वर्गाबाहेर काढलं. त्यानंतर तो शाळेत आलेलाच नाही. शेजारच्या वर्गावरचे सर म्हणतात, ‘झोपडपट्टीची पोरं आहेत, यांना हातानंच समजतं, दोन ठेवून द्या.’ मुख्याध्यापिका म्हणतात, ‘तुमचा वर्ग तुम्ही सांभाळा.’ ओरडून ओरडून माझा घसा बसलाय. मारायची इच्छा नाही, पण दुसरं काय करू तेही कळत नाही. बदलीचा अर्ज करू का?

उत्तर : बाई, तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी परत परत वाचलं. ‘धडा वाचायला उभं केलं तर त्यानं पुस्तक भिरकावलं.’ ते तुम्ही ओघात लिहिलंत आणि शिवीपाशी येऊन थांबलात. साहजिकच आहे, भर वर्गात शिवी ऐकावी लागली की दुसरं काही सुचत नाही. पण मला विचाराल तर अडचण शिवीच्या आधी, त्या पुस्तकापाशी आहे. त्या मुलाला वाचता येतं का?

माझी सगळी नोकरी महापालिकेच्या शाळांत झाली. सहावी-सातवीत येऊन जोडाक्षराला अडखळणारी मुलं मला दर वर्षी भेटली, आणि ज्यांच्या नावानं शिक्षक दिवसभर ओरडत असायचे त्यांच्यात ही मुलं हटकून असायची. जरा त्याच्या जागी उभ्या राहून बघा. बारा वर्षांचा मुलगा, गल्लीत त्याचा वट आहे. बाई म्हणतात, वाच. पहिल्याच ओळीला अडला तर सगळ्या वर्गासमोर, मुलींसमोर, तो ‘ढ’ ठरणार. पुस्तक फेकलं तर फार तर मार बसेल, बाहेर काढतील, पण कुणी हसणार नाही. या वयात हसं होण्यापेक्षा मार परवडतो. आणि जो वाचायला उभा राहत नाही, त्याचंही रोज हेच चाललेलं असतं. न कळणाऱ्या भाषेतल्या प्रवचनाला आपल्याला कुणी रोज पाच तास बसवलं तर आपणही शेजारच्याला कोपर मारूच.

म्हणून आधी त्रेचाळीसही मुलांचं वाचन ऐका. टाळ्या, नियम, बक्षिसं हे सगळं त्यानंतर. ज्याला धडाच कळत नाही, त्याच्यापुढे ते आठवडाभर टिकतं आणि मग दंगा पुन्हा जिथल्या तिथे येतो.

हे कसं करायचं ते नीट सांगते, कारण यातच खरी मेहनत आहे. एका कागदावर दहा सुटी अक्षरं लिहा, त्याखाली दहा सोपे शब्द, मग पहिलीच्या पातळीचा चार ओळींचा उतारा आणि शेवटी दुसरीच्या पातळीची एक छोटी गोष्ट. ‘प्रथम’ संस्थेच्या पुढाकारानं २००५ पासून होत आलेल्या ‘असर’ सर्वेक्षणात खेड्यापाड्यांतल्या मुलांचं वाचन याच पायऱ्यांनी तपासतात. एकेकाला टेबलाजवळ बोलवा, बाकीच्यांच्या कानावर जाणार नाही अशा बेतानं वाचायला द्या. एका मुलाला दोन-तीन मिनिटं पुरतात. चित्रकलेचा तास, ऑफ तास धरून आठवड्यात पट पुरा होईल. सुरुवात त्या पाचांपासून करू नका, त्यांना ती नवी शिक्षा वाटेल. चांगलं वाचणाऱ्या दोघा-तिघांना आधी बोलवा, मग मध्येच त्या पाचांतला एक. वहीत नावापुढे फक्त अक्षर, शब्द, उतारा किंवा गोष्ट एवढंच लिहायचं. ती वही तुमच्या पर्समध्ये राहू द्या. फळ्यावर तिचा तक्ता लावायचा नाही आणि स्टाफरूममध्ये तिच्यावरून चर्चाही नको.

मग दिवसातली चाळीस मिनिटं सहावीचं पुस्तक बाजूला ठेवा. अक्षरवाले, शब्दवाले, उतारेवाले आपापल्या पातळीवर वाचतील. गोष्ट वाचता येणाऱ्यांना गोष्टीची पुस्तकं द्या, ती स्वतःची वाचतात, आणि तुम्ही खालच्या दोन गटांत बसा. गटांना नावं द्यायची तर नद्यांची द्या, झाडांची द्या. हुशार-मठ्ठ असा वास येणारं नाव नको. ‘अभ्यासक्रम कधी पुरा करायचा?’ हा प्रश्न तुमच्या मनात आलाच असेल. मुलांपर्यंत न पोचलेला धडा दैनंदिनीत लिहिला म्हणून पुरा होत नाही. आणि हा प्रयोग तुमच्याच महापालिकेच्या शाळांत झालेला आहे. २००१ ते २००३ मध्ये मुंबई आणि वडोदऱ्यात ‘बालसखी’ उपक्रम चालला. मागे पडलेल्या मुलांना वस्तीतलीच एक तरुण मुलगी रोज दोन तास वेगळं बसवून वाचन-गणिताचा पाया करून घ्यायची. अभिजीत बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याची काटेकोर तपासणी केली, आणि मुलांच्या गुणांत स्पष्ट वाढ दिसली. पुढे २०१९ साली अर्थशास्त्राचं नोबेल ज्यांना मिळालं, ते हेच दोघं आणि मायकेल क्रेमर. त्या बालसख्यांपाशी तुमच्याइतकं शिक्षण नव्हतं. त्या मुलांच्या पातळीवर जाऊन बसत होत्या, एवढंच.

आता त्या शेजारच्या सरांच्या सल्ल्याबद्दल. तो अजिबात ऐकू नका. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला बंदी आहे, आणि ते मोडणाऱ्यावर सेवानियमांनुसार शिस्तभंगाची कारवाई होते. अंगठे धरायला लावणं, उन्हात उभं करणं, वर्गासमोर जात किंवा वस्ती काढणं, हे सगळं त्यात येतं. पण कायदा नसता तरी मी हेच सांगितलं असतं. यातल्या कितीतरी मुलांना घरी मार बसतो, बाहेर मोठी पोरं ठोकतात. तुमच्या दोन चापट्यांनी ती घाबरणार नाहीत. त्यांना एवढंच कळेल की बाईही त्या मारणाऱ्यांतल्याच. जेकब कूनिन नावाच्या अमेरिकन अभ्यासकानं वर्गांचं बारकाईनं निरीक्षण केलं होतं. एकावर कठोरपणे खेकसलं की शेजारची शांत बसलेली मुलंही अस्वस्थ होतात, असं त्यांना आढळलं. शांत वर्गातले आणि गोंधळी वर्गातले शिक्षक दंगा झाल्यावर साधारण सारखंच वागत होते. फरक होता तो दंगा होण्याआधी शिक्षक काय करतात, यात.

आणि ‘झोपडपट्टीची पोरं’ या शब्दांचा मला संताप येतो. ही मुलं जिथे राहतात तिथे या शहरानं १९२७ पासून आपला कचरा नेऊन टाकलाय. २०१६ मध्ये गोवंडीलगतचं देवनारचं डंपिंग ग्राउंड पेटलं तेव्हा धुरामुळे आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या होत्या. दहा बाय दहाच्या खोलीत सहा-सात माणसं, रात्री उशिरापर्यंत टीव्ही आणि भांडणं, पहाटे पाण्यासाठी रांग. एवढं सगळं करून जो मुलगा दुपारी गणवेश घालून शाळेत येतो, त्याला शाळा हवी आहे. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक डहाणूजवळच्या कोसबाडला आदिवासी मुलांसाठी काम करत होत्या तेव्हा मुलं गुरं चारायला जात आणि शाळेत येत नसत. त्यांनी मुलांना आळशी ठरवलं नाही. शाळाच कुरणात नेली, कुरणशाळा काढली. दोष मुलात शोधायचा नाही, ही आपल्याकडची जुनी शिकवण आहे आणि ती गोवंडीतही लागू पडते.

आता वर्गात काय करायचं ते बघू.

दुपारच्या सत्राची सगळ्यात वाईट वेळ सकाळचं सत्र सुटून तुमचं भरतं तेव्हाची. जिन्यात वर येणारे आणि खाली जाणारे एकमेकांना ढकलतात, आणि तीच ढकलाढकली वर्गात शिरते. त्या वेळी तुम्ही टेबलापाशी हजेरी भरत बसलेल्या असू नका. दारात उभ्या राहा. एकेकाला नावानं आत घ्या. ‘जेवून आलास का?’ एवढं विचारा आणि उत्तर ऐका. उपाशी आलेल्या मुलाकडून खिचडी मिळेपर्यंत कसलीच अपेक्षा धरता येत नाही, निदान कोण उपाशी आहे हे तरी तुम्हाला कळेल. फळ्यावर काम आधीच लिहिलेलं असू द्या, आणि ते त्रेचाळीसही जणांना जमेल असं हवं. घरून शाळेपर्यंत दिसलेल्या पाच पाट्यांवरचे शब्द लिहा. मिरची ८० रुपये किलो, तर पाव किलोचे किती? यातली काही मुलं आईबरोबर भाजीच्या गाडीवर बसतात, सुट्टे पैसे बिनचूक परत देतात. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांचा अभ्यास २०२५ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात आला. किचकट हिशोब तोंडी करणारी ही मुलं शाळेच्या पद्धतीनं मांडलेल्या साध्या उदाहरणांना अडत होती. म्हणजे डोकं चालतं, ते कागदावर कसं आणायचं हे कुणी शिकवलेलं नसतं. त्या पाचातला एखादा असा निघाला तर तोंडी हिशोबाला त्यालाच उभं करा. वर्गासमोर उभं राहून पहिल्यांदाच त्याचं काही बरोबर येईल.

फळ्यावर लिहिताना वर्गाकडे पूर्ण पाठ फिरवू नका, तिरक्या उभ्या राहून थोडं थोडं लिहा. मोठा मजकूर मुलं यायच्या आत लिहून ठेवा. शिकवताना बाकांमधून फिरा आणि दंगा सुरू होतोय असं दिसलं की बोलणं न थांबवता त्या बाकापाशी जाऊन उभ्या राहा. बहुतेक वेळा तेवढं पुरतं. शांतता हवी तेव्हा ओरडू नका. टाळीची एक ठेका असलेली खूण ठरवा, ती वाजली की वर्गानं तीच परत द्यायची, मग हात खाली. पहिले काही दिवस ती निम्मीच मुलं देतील. उरलेली येईपर्यंत गप्प उभ्या राहा, मध्ये एक शब्द बोलू नका. घसाही त्यानंच सुटेल.

पाचही जण एकत्र बसत असतील तर त्यांना वेगवेगळ्या रांगांत बसवा, पण पाचांनाही पहिल्या बाकावर आणून मिरवू नका. जागा बदलायच्या त्या सगळ्या वर्गाच्याच बदला.

आणि एक प्रथा तुमच्या वर्गात असेल तर आजच बंद करा. मॉनिटरनं बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहायची. त्यातून चॉकलेटं देऊन नावं पुसली जातात, शाळा सुटल्यावर मॉनिटरला गाठून मारलं जातं, आणि फळ्यावर रोज तीच पाच नावं बघून त्या पाचांनाही पटतं की आपलं काम हेच आहे.

त्याऐवजी एक खेळ आहे. १९६९ साली अमेरिकेत कॅन्ससमधल्या एका चौथीच्या वर्गात तो प्रथम आजमावला गेला, आणि १९८० च्या दशकात बाल्टिमोर शहराच्या गरीब भागांतल्या पहिलीच्या वर्गांत त्याचा मोठा प्रयोग झाला. तिथल्या सर्वात आडदांड मुलग्यांमधली आक्रमकता त्यानं कमी झाली, आणि त्याचा परिणाम मुलं मोठी होईपर्यंत टिकलेला दिसला. वर्गाचे चार-पाच संघ करायचे, दांडगी मुलं सगळ्यांत विभागून. नियम तीनच ठेवायचे आणि ते मुलांकडूनच ठरवून घ्यायचे. दहा मिनिटं खेळ. नियम मोडला की त्या संघापुढे एक खूण, आरडाओरडा न करता. चारपेक्षा कमी खुणा असलेले सगळे संघ जिंकले. म्हणजे सगळेही जिंकू शकतात, आणि ते फार महत्त्वाचं आहे. बक्षीस बिनपैशांचं असावं. मैदानात पाच मिनिटं, एक गोष्ट, पंख्याखालची जागा. खाण्याचं बक्षीस नको, आणि खिचडी तर बक्षिसातही आणायची नाही, शिक्षेतही नाही. एखादा मुद्दाम संघाला हरवू लागला तर त्याचा एकट्याचा वेगळा संघ करा, म्हणजे बाकीचे त्याच्यावर तुटून पडणार नाहीत. तुमची मुलं बाल्टिमोरच्या मुलांपेक्षा मोठी आहेत, सहावीतल्यांना हा खेळ काही दिवसांनी बालिश वाटेल. तोवर दहाची वीस मिनिटं झाली असली तरी मिळवलंत.

शिवीचं काय करायचं? वस्तीत ती उठता-बसता ऐकू येते, पोराला तिचं वजन कळत नाही असं नाही, पण तुम्हाला वाटतं तेवढं ते नसतं. सगळ्यांसमोर त्याच्याशी सामना करायचा नाही. सगळा वर्ग बघत असताना बारा वर्षांचा मुलगा माघार घेऊ शकत नाही, आणि तुम्हीही घेऊ शकत नाही. ‘हे आपण नंतर बोलू’ म्हणायचं आणि धड्याकडे वळायचं. मग सुटताना त्याला नक्की गाठायचं, विसरायचं नाही. अपवाद एकच. एका मुलानं दुसऱ्याला जातीवरून किंवा धर्मावरून शिवी दिली तर तिथल्या तिथे थांबवा आणि सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असं बोला.

आता तो न आलेला मुलगा. ही गोष्ट माझ्या लेखी सगळ्यात तातडीची आहे. हे वाचून झालं की त्याच्या घरी जा. एखाद्या सहकारी बाईंना किंवा शाळेतल्या सेविकेला बरोबर घ्या, वस्तीची माहिती असलेलं माणूस सोबत बरं. चिठ्ठी पाठवून पालकांना बोलावू नका. आई धुणीभांडी करत असेल, बाप रोजच्या कामासाठी नाक्यावर उभा राहत असेल, तर शाळेत येणं म्हणजे एका दिवसाचा खाडा. शिवाय तक्रार ऐकायला बोलावलेला बाप घरी जाऊन पट्टा काढतो, आणि मग तुमच्या वर्गातला दंगा दुप्पट होतो. घरी गेल्यावर शिवीचा विषय काढू नका. ‘तो दिसला नाही म्हणून आले’ एवढंच. तो रात्री किती वाजता झोपतो, कुठे कामाला जातो का, लहान भावंडं कुणाकडे असतात, हे बघा. निघताना त्याला एक काम द्या, उद्या माझ्याबरोबर पेटीतली पुस्तकं काढायची आहेत, म्हणून. नुसतं ‘ये’ म्हटलं तर तो कदाचित येणार नाही, काम दिलं तर यायला त्याला कारण मिळतं. आल्यावर माफी मागायला लावू नका.

अशा भेटींत कधी वेगळंच समोर येतं. पोराच्या कपड्यांना नशेसाठी हुंगतात त्या सोल्यूशनचा किंवा व्हाइटनरचा वास येतो, अंगावर वळ दिसतात. तिथे तुम्ही एकट्यानं सोडवायला जाऊ नका. मुख्याध्यापिकांना लेखी कळवा आणि १०९८ या बालकांच्या हेल्पलाइनला फोन करा. लैंगिक अत्याचाराची शंका आली तर पॉक्सो कायद्यानं पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, ‘घरातलं प्रकरण’ म्हणून गप्प बसता येत नाही. आणि आरोग्य तपासणीला डॉक्टर आले की त्या पाचांचे डोळे आणि कान आवर्जून तपासून घ्या. फळा दिसत नाही किंवा ऐकू कमी येतं म्हणून मस्तीला लागलेली मुलं मी पाहिली आहेत.

मुख्याध्यापिकांशी पुन्हा बोला, पण ‘वर्ग ऐकत नाही’ असं मोघम नको. वाचनाची वही घेऊन जा. एवढी मुलं अक्षरावर आहेत, एवढी शब्दावर, मला रोज चाळीस मिनिटं या वेळेत हवीत आणि पहिलीची जुनी पुस्तकं हवीत, असं नेमकं मागा. सहावी ते आठवीला ३५ मुलांमागे एक शिक्षक हे शिक्षण हक्क कायद्यातलं प्रमाण आहे आणि तुमच्याकडे ४३ आहेत, हेही लेखी द्या. शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश पालक असतात. त्यातल्या एखाद्या खमक्या आईशी ओळख करून घ्या. वस्तीत तुमच्या वतीनं ती जेवढं बोलेल तेवढं परिपत्रक बोलत नाही.

बदलीचा अर्ज आत्ता करू नका. नव्या शाळेतही सहावीत वाचता न येणारी मुलं असतील, आणि या त्रेचाळीस जणांना वर्षाच्या मध्यात आणखी एक बाई सोडून गेलेल्या दिसतील. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत थांबा. तोवर वर्ग शांत होईल असं मी म्हणत नाही, सहावीचा वर्ग बोलणारच. वहीतली किती नावं एक पायरी वर सरकली तेवढं बघा, आणि त्या पाचांपैकी कुणाचं सरकलं ते मला कळवा. जोडाक्षरांसाठी मी वापरत असे त्या शब्दपट्ट्यांचा नमुना हवा असेल तर पत्ता पाठवा, पोस्टानं पाठवते.